टीपी-लिंक आर्चर सी६: राउटर सरळ, खोक्यावरची भाषा वाकडी

टीपी-लिंकचा आर्चर सी६ हा दोन ते अडीच हजारांच्या आसपास मिळणारा राउटर. दोन-तीन खोल्यांचं घर, चार-सहा मोबाइल, एक टीव्ही, एखादा लॅपटॉप आणि प्रिंटर एवढा पसारा तो कुरकुर न करता सांभाळतो. तरुणांसाठी परीक्षण इथेच संपलं. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. हा डबा मला माझ्या हाताने लावता येईल का? बंद पडला तर नेटवाल्याची दोन दिवस वाट न पाहता चालू करता येईल का?

येईल. फक्त खोक्यावर, तळाच्या चिकटपट्टीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर जे दहा-बारा शब्द समोर येतात, ते आधी कळायला हवेत. कंपनी ते सांगत नाही. सोबतच्या घडीपत्रकात चित्रं आहेत, बाण आहेत, आणि मग राउटरच्या पानावर एकदम ‘इंटरनेट कनेक्शन टाइप’ निवडायला सांगतात. कशाच्या आधारावर निवडायचं, याबद्दल शांतता. म्हणून इथे राउटर आणि शब्द दोन्ही एकत्रच तपासले आहेत. ऑफिसातला इंटरकॉम, नंबर विचारायला १९७, तक्रारीला १९८ आणि रेडिओच्या मध्यम लहरी ज्यांनी वापरल्या आहेत, त्यांना घरातलं नेटवर्क तिशीतल्या माणसापेक्षा लवकर कळायला हरकत नाही.

आधी भिंतीवरचा डबा पाहा

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस एक डबा भिंतीवर लावून जातो. घरोघरी त्याला ‘मोडेम’ म्हणतात, काही घरांत ‘वायफाय’, काही ठिकाणी नुसतं ‘नेटचा बॉक्स’. त्याचं खरं नाव ओएनटी. काचेच्या तंतूतून आलेला प्रकाशाचा संदेश तो विजेच्या संदेशात बदलतो. मोडेम हे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर चालणारं जुनं यंत्र. ते गेलं, नाव मागे राहिलं. तक्रार करताना मोडेम म्हटलंत तरी पलीकडच्याला कळतं, त्यावरून वाद नको.

राउटरचं काम वेगळं. बाहेरून आलेलं एकच कनेक्शन घरातल्या सगळ्या यंत्रांना वाटून देणं, हे ते काम. गोंधळ होतो तो यामुळे, की हल्लीच्या बहुतेक ओएनटीच्या पोटातच राउटर आणि वायफाय दोन्ही असतात. तेव्हा सी६ विकत घेण्यापूर्वी मोबाइलची वायफायची यादी उघडा. ओएनटीच्या नावाने दोन नोंदी दिसत असतील, एक साधी आणि एक शेवटी ‘५जी’ असलेली, आणि घर एका बेडरूमचं असेल, तर दोन हजार वाचवा. बहुतेक घरांत खरी अडचण डब्याची नसून जागेची असते. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा चपलांच्या स्टँडमध्ये ठेवलेला कोणताही वायफायचा डबा नीट चालणार नाही. तो छातीच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीवर, फ्रिज, मोठा आरसा आणि मायक्रोवेव्हपासून दूर हवा. फायबरची वायर पुरत नसेल तर कंपनीकडून लांब वायर मागा. स्वतः ओढू नका, आणि ती पिवळी किंवा काळी बारीक वायर कोपऱ्यात दुमडून खिळ्याने ठोकू तर अजिबात नका. आत काच आहे. वाटीच्या गोलाईपेक्षा जास्त वळवली तर प्रकाश गळतो आणि वेग पडतो.

सी६ खऱ्या अर्थाने कामाला येतो तो दोन प्रकारच्या घरांत. ओएनटी जुना, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे वायफायच्या दोन रेडिओपट्ट्यांपैकी संथ पट्टीवर, चालणारा आहे, हे एक. दुसरं म्हणजे भिंती जाड आहेत: पेठेतलं दगडी घर, कोकणातलं जांभ्याचं घर किंवा दोन मजल्यांचा बंगला. अशा घरात बाहेरच्या खोलीतलं वायफाय माजघरापर्यंत जातं आणि तिथेच बसतं.

खोक्यावरचे आकडे

‘एसी१२००’ हा मोठ्या अक्षरांतला आकडा म्हणजे तुमच्या इंटरनेटचा वेग नव्हे. २.४ गिगाहर्ट्‌झवरचे ३०० एमबीपीएस (सेकंदाला किती मेगाबिट, हे वेगाचं माप) आणि ५ गिगाहर्ट्‌झवरचे ८६७ यांची बेरीज करून, वर गोल करून तो छापला आहे. एक मोबाइल दोन्हींवर एका वेळी बसत नाही, त्यामुळे बेरजेला घरात काही अर्थ नाही. ८६७ सुद्धा आदर्श परिस्थितीतले. त्याच खोलीत निम्मे मिळाले तरी उत्तम समजा. शिवाय हा घरातल्या घरातला वेग. बाहेरून तुम्ही १०० चं कनेक्शन घेतलं असेल, तर राउटर कितीही भारी आणला तरी १०० च मिळणार.

‘एमबीपीएस’ वाचताना ‘बी’ लहान लिपीतला आहे की मोठ्या, हे पाहायची सवय लावा. लहान ‘बी’ म्हणजे बिट, मोठा ‘बी’ म्हणजे बाइट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. इंटरनेट कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात, मोबाइल फाइलचा आकार बाइटमध्ये दाखवतो. म्हणून १०० च्या कनेक्शनवर एका सेकंदात साडेबारा एमबी उतरतात, १०० नव्हे. १ जीबीचा व्हिडिओ १०० वर साधारण ८० सेकंदांत येतो, ३० वर साडेचार मिनिटं लागतात. यात कुणी फसवलेलं नाही; ही निव्वळ लिटर आणि पावशेराची गल्लत आहे. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात. तेव्हा दोघांच्या घरात ३०० चं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर एकदा विचारा, कशासाठी?

आता ‘५जी’. राउटरच्या नावापुढचं ५जी आणि मोबाइलचं ५जी यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मोबाइलचं ५जी म्हणजे मोबाइल नेटवर्कची पाचवी पिढी. राउटरचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ, रेडिओलहरींची एक पट्टी. ते वापरायला नवा मोबाइल लागत नाही, जादा पैसे पडत नाहीत आणि मोबाइलचा डेटा जात नाही.

दोन पट्ट्यांतला फरक रेडिओ ऐकलेल्यांना लगेच उमगतो. मध्यम लहरींवरचं केंद्र खरखरत का होईना, घाट ओलांडून ऐकू यायचं. एफएम स्वच्छ, पण थोडं लांब गेलं की गायब. विज्ञानातली कारणं थोडी निराळी आहेत, अनुभव मात्र तसाच: २.४ दूर जातं, भिंती ओलांडतं, पण संथ असतं आणि शेजारपाजारच्या वायफायची त्यात गर्दी असते. ५ वेगवान, पण एक जाड भिंत आली की दमतं. सी६ च्या अँटेना मात्र दूरदर्शनच्या एरियलसारख्या फिरवत बसू नका. सरळ उभ्या ठेवा, झालं.

मागच्या बाजूला पाच चौकोनी खाचा आहेत. एक वेगळी, तिच्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’. बाकी चार ‘लॅन’. वॅन म्हणजे बाहेरून येणारी लाइन, लॅन म्हणजे घरात जाणाऱ्या. लावताना सर्वांत जास्त चूक इथे होते: ओएनटीची वायर लॅनमध्ये खुपसली जाते, इंटरनेटचा दिवा काही लागत नाही, आणि बिचाऱ्या राउटरला नावं ठेवली जातात. लॅनच्या वायरीचं टोक टेलिफोनच्या पिनेसारखंच दिसतं, पण रुंद असतं आणि आत आठ तारा असतात. टेलिफोनची लहान पिन या खाचेत ढिली का होईना बसते, त्यामुळे लँडलाइनची वायर इथे लावणारेही असतात. ती ओएनटीवरच्या ‘फोन’ किंवा ‘टेल’ लिहिलेल्या खाचेत जाते.

सी६ च्या पाचही खाचा गिगाबिट आहेत, म्हणजे वायरीतून १००० एमबीपीएसपर्यंत नेऊ शकतात. त्याच कंपनीच्या आर्चर सी५० ला हे नाही. तिथे वायर १०० वर अडते. कनेक्शन १०० पेक्षा जास्त असेल तर सी६ साठी जादा मोजलेल्या पैशांचं हेच कारण.

लावायचा कसा

ओएनटीच्या ‘लॅन १’ मधून निघालेली वायर सी६ च्या वॅनमध्ये. टोक बसताना ‘खट्‌’ आवाज यायला हवा. सी६ ला वीज द्या, मागे बटण असेल तर दाबा, आणि दोन मिनिटं काहीही करू नका.

मग मोबाइल हातात घ्या, आणि सर्वांत आधी मोबाइल डेटा बंद करा. ही पायरी पत्रकात ठळक छापायला हवी होती. नव्या राउटरवर अजून इंटरनेट नसतं, हे मोबाइलला कळतं आणि तो गुपचूप डेटाकडे वळतो. मग राउटरचं पान उघडत नाही आणि कारणही कळत नाही. डेटा बंद करून वायफायच्या यादीतलं ‘टीपी-लिंक’ने सुरू होणारं नाव निवडा. पासवर्ड राउटरच्या तळाला छापलेला आहे, आठ आकडे. अक्षरं बारीक आहेत. भिंग शोधण्यापेक्षा मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. तो फोटो पुढे फार उपयोगी पडतो, पुसू नका.

आता ब्राउझर उघडा आणि अगदी वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘टीपीलिंकवायफाय डॉट नेट’ (tplinkwifi.net) इंग्रजीत टाइप करा, एकसलग, मध्ये जागा न सोडता. गूगलच्या शोधाच्या चौकोनात नव्हे. पान आलं की ते तुमच्याकडून एक नवा पासवर्ड ठरवून घेतं. हा राउटरचा पासवर्ड, वायफायचा नव्हे. त्याबद्दल पुढे.

मग तो ‘कनेक्शन टाइप’चा प्रश्न. सी६ च्या आधी कंपनीचा ओएनटी असेल तर जवळपास नेहमीच उत्तर असतं ‘डायनॅमिक आयपी’. सोसायटीतल्या केबलवाल्याने ओएनटी न देता नुसती लॅनची वायर घरात सोडली असेल तर बहुधा ‘पीपीपीओई’, आणि मग त्याच्याकडून युजरनेम आणि पासवर्ड घ्यावा लागतो. काही केबलवाले कनेक्शन एकाच यंत्राला बांधून ठेवतात. राउटर बदलला की सगळं बरोबर लावूनही नेट येत नाही. अशा वेळी त्यांना सी६ चा ‘मॅक ॲड्रेस’ कळवायचा. तळाच्या चिकटपट्टीवर तो असतो, बारा इंग्रजी अक्षरं-आकडे. गाडीचा चेसिस नंबर असतो ना, तसा हा, कारखान्यातूनच येतो.

‘आयपी ॲड्रेस’ चेसिस नंबरासारखा कायमचा नसतो. इथे ऑफिसातला इंटरकॉम आठवा. बाहेरच्या माणसाला ऑफिसचा एकच नंबर माहीत. आत अकाउंट्सला १०१, साहेबांना १०२. आलेला फोन कुणाकडे वळवायचा, ते ऑपरेटर पाहतो. राउटर म्हणजे तो ऑपरेटर. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एक आयपी दिसतो. आत प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला राउटर आपल्या मर्जीने १९२.१६८ ने सुरू होणारा एक्स्टेंशन नंबर देतो. हे नंबर वाटायच्या पद्धतीला ‘डीएचसीपी’ म्हणतात. आणि ‘डीएनएस’ म्हणजे थेट १९७: तुम्ही नाव सांगायचं, त्याने नंबर शोधून द्यायचा. इंटरनेटचा दिवा नीट, तरी पानं उघडत नाहीत आणि पडद्यावर ‘डीएनएस’ असा शब्द येतो, तेव्हा लाइन शाबूत आहे, १९७ उचलत नाही, एवढाच अर्थ.

इंटरकॉम एवढा लांबवण्याचं कारण आता येतं. ओएनटीतही एक ऑपरेटर बसलेला आहे. त्याच्यापुढे सी६ लावला की घरात दोन ऑपरेटर होतात. पिक्चर बघायला, कॉलला फरक पडत नाही. पण प्रिंटर ओएनटीच्या वायफायवर आणि मोबाइल सी६ च्या वायफायवर असेल तर दोघांची गाठच पडत नाही. मोबाइल म्हणतो प्रिंटर सापडला नाही, आणि प्रिंटरचे दिवे मात्र ठणठणीत. उपाय सोपा आहे, पण तो ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत दडलेला: ‘ऑपरेशन मोड’ मध्ये जाऊन ‘राउटर’ ऐवजी ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडा. सी६ ऑपरेटरची खुर्ची सोडतो आणि नुसता वायफाय देण्याचं काम करतो. सगळे नंबर ओएनटी वाटतो, सगळे एकाच घरात येतात. मुलांच्या वापरावर बंधनं घालायची सोय यात जाते. आजी-आजोबांच्या घरात तिची आठवण कुणाला येत नाही.

जाड भिंतींच्या घरात आमची शिफारस हीच. ओएनटी बाहेर असू दे. तिथून आतल्या खोलीपर्यंत कॅट ६ ची लॅन वायर न्या (१०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे बंगल्यालाही पुरते) आणि दुसऱ्या टोकाला सी६ ॲक्सेस पॉइंट म्हणून ठेवा. भिंतीला छिद्र पाडायचा कंटाळा करून दोन्ही डबे शेजारी-शेजारी ठेवले, तर पैसे जवळपास वाया.

‘एसएसआयडी’ विचारलं तर घाबरू नका. वायफायचं नाव, बस. त्यात आडनाव किंवा फ्लॅट नंबर घालू नये, सगळ्या इमारतीला दिसतं. ‘स्मार्ट कनेक्ट’ चालू केलं तर दोन्ही पट्ट्या एकाच नावाखाली येतात आणि कुठली घ्यायची ते यंत्रं आपसांत ठरवतात. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसाला हेच सोयीचं. मात्र प्रिंटर, वायफायचा बल्ब, स्मार्ट प्लग ही मंडळी बहुधा फक्त २.४ जाणतात आणि पहिल्यांदा जोडताना एकत्रित नावावर अडखळतात. म्हणून आधी स्मार्ट कनेक्ट बंद ठेवून ती २.४ वर जोडून घ्या, मग तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवून चालू करा.

तीन पासवर्ड, तीन कुलपं

मदत करायला आलेला मुलगा विचारतो, ‘पासवर्ड काय?’ आणि इथे गाडी रुळावरून घसरते, कारण पासवर्ड तीन असतात.

पहिला वायफायचा. पाहुण्यांना देतो तो. दुसरा राउटरचा, जो वरचं पान उघडताना तुम्ही ठरवला. हा कुणालाही द्यायचा नाही. याने घराच्या सगळ्या चाव्या बदलता येतात. तिसरा कंपनीचा किंवा केबलवाल्याचा, पीपीपीओईचा. तो ओएनटीत आधीच भरलेला असतो, म्हणून अनेकांना तो आहे हेही माहीत नसतं. टीपी-लिंकचं ‘टेदर’ नावाचं ॲप वापरलं तर ते आपलं खातं उघडायला सुचवतं, म्हणजे चौथा. ब्राउझरच्या पानावर तीच सगळी कामं होतात, खातं लागत नाही. आमच्या मते या वयात पानच बरं.

वायफायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. तो आकड्या-चिन्हांचा गुंता करण्यापेक्षा तीन असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी लहान लिपीत, मध्ये टिंब देऊन लिहा: पेरू, घागर, स्टेशन अशा धर्तीवर (हेच उचलू नका). टीव्हीच्या रिमोटने टाइप करताना याची किंमत कळते. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, लहान ‘एल’ आणि एक, ही जोडपी टाळा. कागदावर लिहून ठेवलं की महिन्याभरात आपलंच अक्षर आपल्याला फसवतं. आणि कागदावर लिहायचंच. घरातल्या वहीत लिहिलेला पासवर्ड धोक्याचा नाही, चोर वही वाचायला येत नाही. वहीचं पान मात्र नीट आखा: कुठला पासवर्ड, कशाचा, कधी बदलला.

पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करता येतं. अँड्रॉइड मोबाइलवर वायफायच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की चौकोनी कोड येतो. पाहुण्याने तो स्कॅन केला की काम झालं.

रीस्टार्ट आणि रीसेट

या परीक्षणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: रीस्टार्ट म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणं, रीसेट म्हणजे पाटी पुसणं. दोन्ही शब्द ‘री’ने सुरू होतात, फोनवरून ऐकताना सारखेच वाटतात, आणि त्यातला दुसरा घरचं नेट चार दिवस बंद पाडू शकतो.

सी६ वर रीसेटचं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की तुम्ही दिलेली नावं, पासवर्ड, ॲक्सेस पॉइंटची निवड सगळं जातं आणि तळाला छापलेला मूळ पासवर्ड परत येतो. ते एक वेळ परवडलं, वीस मिनिटांत पुन्हा लावता येतं. खरा घोटाळा ओएनटीच्या मागच्या बारीक भोकात आहे. तिथे टाचणी घातली की कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते, आणि ती तुमच्याकडे नसते. मग तक्रार, मग वाट पाहणं. त्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. आजच.

रीस्टार्टचा क्रम ठरलेला आहे. दोन्ही डब्यांची बटणं बोर्डावरून बंद करा. अर्धा मिनिट थांबा, आतली साठलेली वीज उतरू द्या. आधी ओएनटी चालू करा. त्यावरचा ‘पॉन’चा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, की मगच सी६. क्रम उलटा झाला तर सी६ जागा होऊन नंबर मागतो तेव्हा ओएनटी अजून झोपेत असतो, आणि सी६ हात हलवत बसतो.

त्याआधी दिवे वाचायला शिका, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. ओएनटीवर ‘एलओएस’ या तीन इंग्रजी अक्षरांपाशी लाल दिवा लागला किंवा लुकलुकला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. वायर तुटली, उंदराने कुरतडली किंवा रस्ता खणताना गेली. अशा वेळी घरात काहीही दाबू नका, थेट कंपनीला फोन करून ‘एलओएस लाल आहे’ एवढंच सांगा. ‘नेट चालत नाही’ म्हटलं तर पलीकडून दहा पायऱ्या करून घेतात. पॉन स्थिर हिरवा, पण सी६ चा इंटरनेटचा दिवा नारिंगी, म्हणजे वायर जोडलेली आहे पण पुढून नेट येत नाही: रीस्टार्ट करा. दोन्ही ठीक आणि एकाच मोबाइलवर नेट नाही, तर दोष त्या मोबाइलचा. वायफायच्या यादीतलं नाव ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा घाला. मोबाइलवर वायफायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह असेल तर समजा की घरातला नळ शाबूत आहे, पालिकेचं पाणी गेलंय.

सी६ चे दिवे ही त्याची सर्वांत कमजोर बाजू. मराठी सोडा, त्यावर इंग्रजी शब्दही नाहीत. नुसती बारीक चिन्हं. आमचा उपाय: इंटरनेटच्या दिव्याखाली नेलपॉलिशचा एक ठिपका. फोनवरून मुलीला ‘ठिपक्यावरचा दिवा नारिंगी आहे’ सांगता येतं.

वीज

वीज गेली की फायबरवरचा लँडलाइनही जातो, कारण तो ओएनटीतून येतो. एक्स्चेंजमधून येणाऱ्या विजेवर अंधारातही वाजणारा जुना फोन आता नाही, हे एकट्या राहणाऱ्यांनी गृहीत धरायला हवं. छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर डबे चालू ठेवणारी बॅटरी) घ्यावा, पण ओएनटी आणि सी६ दोन्हींसाठी. एकट्या सी६ ला दिला तर वायफायचं चिन्ह पूर्ण दिसेल आणि नेट शून्य. यूपीएसचे व्होल्ट अडॅप्टरवर छापलेल्या व्होल्टइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ओएनटीचे आणि सी६ चे अडॅप्टर अनेकदा काळे, जुळे दिसतात. झाडताना अदलाबदल झाली तर कमी अँपिअरवर डबा चालतो पण मध्येच बंद-चालू होत राहतो, आणि दोष काही सापडत नाही. दोन्हींवर नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा. वळवाच्या कडकडाटात अडॅप्टर बोर्डावरून काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण विजेच्या बोर्डातून आणि तांब्याच्या लॅन वायरीतून येते.

‘तुमचा राउटर हॅक झालाय’ असा फोन आला तर ठेवून द्या. कंपनी असे फोन करत नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून पडदा दाखवणारं ॲप घेणं म्हणजे तिजोरी उघडून देणं. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन.

घ्यावा का?

यूएसबीची खाच नाही, त्यामुळे पेनड्राइव्ह किंवा प्रिंटर थेट राउटरला जोडता येत नाही. तो वायफाय ५ वर, म्हणजे वायफायच्या आधीच्या पिढीवर चालतो. वायफाय ६ चे राउटर थोड्या जादा पैशांत मिळतात आणि घरात पंधरा-वीस यंत्रं असतील तर तेच घ्यावेत. दोघा-चौघांच्या घरात, १०० च्या कनेक्शनवर, तो फरक जाणवणार नाही.

दुकानात मात्र नाव नीट वाचा. सी६ मागितला की ‘तोच आहे हो’ म्हणत सी६० किंवा सी५० पुढे सरकवला जातो. दोन्हींच्या वायरीच्या खाचा १०० वर अडतात. खोक्यावर ‘गिगाबिट’ हा शब्द शोधा. नसेल तर तो सी६ नव्हे.